होली लँडची ग्रुप टूर: आधी वार बघा, मग स्थळं ठरवा

आमच्या मंडळीचा ग्रुप घेऊन पहिल्यांदा यरुशलेमला गेलो तेव्हा गार्डन टूमच्या (येशूची कबर इथेच असं काही जण मानतात ती बाग) गेटसमोर आम्ही ३८ जण उभे, दोघांच्या हातात प्रभुभोजनाचं (भाकर आणि द्राक्षरस घेऊन करायची उपासना) सामान, पाळकसाहेब कोट घालून तयार, आणि गेट बंद. रविवार होता. रविवारी प्रभुभोजन, तेही कबरेच्या बागेत, याहून चांगलं काय असणार असं आम्हीच मोठ्या हौसेने ठरवलेलं, आणि ती बाग नेमकी रविवारीच ग्रुपना बंद असते हे कुणी बघितलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या बस स्टँडवरच्या हॉर्नच्या गोंगाटात आमच्या बसमध्येच भाकर मोडली.

त्यानंतर अजून तीन ग्रुप नेले आणि आता जो कोणी टूर काढतो तो मला यादी पाठवतो, "हे बघा, ही २६ स्थळं आहेत, १० दिवसांत बसवायची आहेत." चूक इथेच होते. यादी शेवटी करायची असते. आधी माणसं, मग महिना, मग वार, मग कागद, आणि या सगळ्यातून जी स्थळं उरतील ती तुमची टूर. खाली त्याच क्रमाने लिहितोय.

टप्पा १: माणसं मोजा, मग गुडघे मोजा

एका बसमध्ये चाळीसच्या वर माणसं बसतात म्हणून चाळीस भरू नका. २५ ते ३० चा ग्रुप सगळ्यात सोपा जातो. चाळीस जण वॉशरूमला उतरले की अर्धा तास गेलाच, आणि दिवसात असे चार थांबे असतात. माणसं वाढली की पर हेड खर्च कमी होतो हे खरंय, पण शेवटी एखादं स्थळ सोडून द्यावं लागतं ते याच वॉशरूमच्या रांगांमुळे.

आता गुडघे. या टूरला जाणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात, आणि यरुशलेमच्या जुन्या शहरात बस आत जातच नाही, गेटपाशी उतरायचं आणि दगडी, गुळगुळीत झालेल्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्यांतून चालायचं. म्हणून निघायच्या दोन महिने आधी सगळ्यांना एकत्र बोलवा आणि एक चाचणी घ्या: पाच किलोमीटर, मध्ये चढउतार आणि जिने, आणि टूरला जे बूट घालणार तेच बूट पायात. ज्यांना जमत नाही त्यांना नाही म्हणू नका, फक्त त्यांच्यासाठी प्रत्येक अवघड जागेचा दुसरा प्लॅन आधी लिहून ठेवा. माझ्या वहीत असं लिहिलेलं असतं:

जैतुनांचा डोंगर: वरून गेथशेमाने बागेपर्यंतचा उतार चांगलाच तीव्र आहे आणि दगड घसरतो. गुडघेवाल्यांनी वर व्ह्यू बघून परत बसमध्ये बसायचं, बस त्यांना खाली गेथशेमानेपाशी सोडते.

गुलगुथा: पवित्र कबरेच्या चर्चमध्ये शिरलं की उजवीकडे उंच, अरुंद जिना आहे, तो चढल्यावर वधस्तंभाची जागा. नाही चढवत तर खालच्या मजल्यावर आदामाचं चॅपल आहे, तिथे काचेमागे त्याच खडकाचा भाग दिसतो. ही गोष्ट कित्येक गाईड सांगतच नाहीत आणि मावशी बिचाऱ्या खाली बाकावर बसून राहतात.

बेथलेहेमची गुहा (येशूच्या जन्माची): चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच, वाकूनच जावं लागतं, आणि गुहेत उतरायला झिजलेल्या पायऱ्या. पर्याय म्हणजे शेजारचं सेंट कॅथरीनचं चर्च, तिथे निवांत बसता येतं.

हिज्कीयाचा बोगदा (दावीदनगरातला, राजाने पाण्यासाठी खोदवलेला): साधारण ५३३ मीटर लांब, अंधार, गार पाणी, काही ठिकाणी मांडीपर्यंत. बंद जागेची भीती असलेल्यांनी इकडे फिरकूच नये, त्यांच्यासाठी बाजूचा कोरडा बोगदा आहे.

ताबोर डोंगराची काळजी करू नका, तिथे मोठी बस कुणाचीच वर जात नाही, पायथ्यापासून टॅक्सीच करावी लागते. फक्त त्या टॅक्सीचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का ते विचारा.

चेक: प्रत्येक माणसाच्या नावापुढे "चालेल / थोडं चालेल / बसमधून" यातलं एक लिहून झालं का? झालं असेल तरच पुढे.

टप्पा २: महिना आणि देश

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बरे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये यरीहो आणि मृत समुद्राकडे पारा चाळीसच्या आसपास किंवा वर जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी यरुशलेममध्ये थंडी आणि पाऊस, शहर साडेसातशे-आठशे मीटर उंचीवर आहे हे लोक विसरतात आणि सुती शर्टात कुडकुडतात.

सण बघा. योम किप्पूरला (ज्यूंचा उपासाचा दिवस) इस्राएलमध्ये सगळंच बंद, विमानतळसुद्धा. वल्हांडणाच्या (ज्यूंचा पासओव्हर सण) आठवड्यात हॉटेलात पाव मिळत नाही, बेखमीर भाकरीच. ईस्टरला जायची हौस असेल तर दोन ईस्टर असतात हे ध्यानात घ्या, पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स, बहुतेक वर्षी तारखा वेगळ्या येतात. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या शनिवारी पवित्र अग्नीचा विधी असतो, त्या दिवशी जुन्या शहरात पोलिसांची नाकाबंदी असते आणि तुमचा ग्रुप पवित्र कबरेच्या चर्चच्या जवळपासही पोचणार नाही. माझं मत विचाराल तर पहिली टूर ईस्टरला काढूच नका.

आणि देश किती? जॉर्डन, इस्राएल-पॅलेस्टाईन आणि इजिप्त असे तीन देश दहा दिवसांत, हे ब्रोशरमध्ये फार छान दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक बॉर्डर अर्धा दिवस खाते, कधी जास्त. बॉर्डरला बस बदलते, गाईड बदलतो, सगळ्या बॅगा उतरवून स्कॅन होतात, मग परत चढवा. तीन देशांना निदान १२ दिवस लागतात, आठ-नऊ दिवस असतील तर एकच देश करा किंवा फार तर जॉर्डन जोडा.

थांबा: ऑक्टोबर २०२३ पासून त्या भागात परिस्थिती कधीही बदलते. जून २०२५ मध्ये तर इस्राएलचा विमानतळच काही दिवस बंद होता आणि अनेक प्रवासी अडकले. तुमच्या सरकारची प्रवास सूचना बुकिंगआधी एकदा, पैसे भरायच्या आदल्या दिवशी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा, अशी तीनदा वाचा. आणि विम्याच्या कागदात युद्ध वगळलेलं असतं का ते शोधा, बहुतेक पॉलिसीत असतंच. टूर रद्द झाली तर विमानाचे पैसे कोण देणार, हॉटेलचे कोण देणार, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या. फोनवर "काळजी करू नका साहेब" म्हणणं म्हणजे लेखी नव्हे.

टप्पा ३: वारांचा तक्ता

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच लोक गाळतात. एक कोरा कागद घ्या, सात वार लिहा, आणि आधी काय बंद ते भरा.

शुक्रवार: मुसलमानांची जुम्म्याची नमाज, त्यामुळे दुपारी दमास्कस गेट आणि लायन्स गेटकडे प्रचंड गर्दी. मंदिराचा डोंगर (अल अक्सा मशिदीचं आवार) परक्यांना, म्हणजे मुसलमान नसलेल्यांना, बंद. नॅशनल पार्कवाली ठिकाणं लवकर बंद होतात, दावीदनगर (जुन्या शहराबाहेरचं उत्खनन) दुपारीच आटोपतं. सूर्यास्ताला शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) सुरू. पण दुपारी ३ ला (उन्हाळी वेळेत ४ ला) फ्रान्सिस्कन (कॅथलिक संन्यासी) लोकांची दुःखाच्या मार्गावरची (येशूने वधस्तंभ वाहिला ती वाट) मिरवणूक निघते, ती बघायची असेल तर यरुशलेममध्ये शुक्रवार पकडा.

शनिवार: शब्बाथ. ज्यू भागातली दुकानं आणि दावीदनगर बंद, मंदिराचा डोंगर बंदच, पश्चिम भिंतीपाशी फोटो काढायचा नाही आणि चिठ्ठीही लिहायची नाही. हॉटेलात एक लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, तिच्यात चढलात तर नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत अर्धी भक्ती होते. म्हणून शनिवारी बेथलेहेम ठेवा, तिकडे शब्बाथचा काही संबंध नाही.

रविवार: गार्डन टूम बंद, जैतुनांच्या डोंगरावरचं पातेर नोस्तेर बंद, पेत्राने येशूला नाकारलं ती गालिकांतूची जागा बंद. बेथलेहेमच्या गुहेत सकाळी उपासना चालू असतात. जॉर्डनमध्ये मादाबाचं नकाशाचं चर्चही सकाळी उपासनेमुळे बघता येत नाही. रविवारी उत्तरेकडच्या गालीलात असणं सगळ्यात उत्तम, समुद्रावर बोटीत स्वतःची उपासना करा.

सोमवार ते गुरुवार: मंदिराचा डोंगर आणि बाकीचं यरुशलेम यातच बसवा. मंदिराच्या डोंगरावर परक्यांना फक्त मुघराबी गेटमधून आणि ठरावीक तासच सोडतात, म्हणून ते सकाळी पहिलं.

हे झालं वारांचं. दिवसाच्या आतसुद्धा एक खड्डा आहे: बरीच चर्चेस दुपारी १२ ते २ बंद असतात. उदाहरणार्थ ताबोर. नवीन ग्रुपचा हमखास घोळ म्हणजे सकाळी उशिरा नाश्ता, साडेअकराला पहिल्या चर्चपाशी, पावणेबाराला शिपाई किल्ली वाजवत दार लावायला येतो. साडेसातला बस हललीच पाहिजे. दुपारच्या खड्ड्यात जेवण आणि प्रवास टाका, किंवा गालील समुद्राकाठच्या कफर्णहूमसारखं ठिकाण टाका जे दुपारीही उघडं असतं.

क्रम कसा लावायचा यावर वाद होतात. मी आधी गालील, शेवटी यरुशलेम लावतो. एक तर शुभवर्तमानाचा क्रम तोच आहे. दुसरं, गालीलात गर्दी कमी, जागा मोकळ्या, तेवढ्यात ग्रुपला शिस्त लागते आणि मग जुन्या शहरातल्या धक्काबुक्कीत माणसं हरवत नाहीत.

चेक: प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीपुढे वार आणि वेळ लिहिलेली आहे का? "दिवस ६: यरुशलेम दर्शन" अशी ओळ असेल तर तो प्रोग्राम नाही, जाहिरात आहे.

टप्पा ४: कागद

पासपोर्ट परतीच्या तारखेपासून पुढे सहा महिने चालणारा हवा, आणि विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्यासारखंच, एका अक्षराचाही फरक नको. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं असे लोक प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना फॉर्म भरताना शेजारी बसवा.

मग एन्ट्री बोटांवर मोजा. अम्मानला उतरलात, तिथून इस्राएलमध्ये गेलात आणि विमान परत अम्मानवरूनच आहे, तर जॉर्डनमध्ये तुम्ही दोनदा शिरताय. इजिप्तचंही तसंच. सिंगल एन्ट्री व्हिसा घेऊन लोक बॉर्डरवर उभे राहतात आणि मग रडारड. अ‍ॅलनबी ब्रिजवर (यरीहोजवळची जॉर्डनची बॉर्डर) जॉर्डनचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळत नाही, हे तर पाठच करून ठेवा. बेथलेहेम आणि यरीहो पॅलेस्टिनी भागात आहेत, पण त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

ग्रुप व्हिसा असेल तर सगळ्यांनी एकत्र आत आणि एकत्र बाहेर. कुणी "मी मागे चार दिवस राहतो, माझा भाचा तिथे कामाला आहे" म्हणालं तर त्याचा व्हिसा पहिल्यापासून वेगळा काढायचा, नाहीतर अख्खा ग्रुप अडकतो.

कॅथलिक ग्रुप असेल आणि सोबत फादर असतील तर मिस्साची (कॅथलिक उपासना) वेळ आधी बुक करावी लागते. यरुशलेममध्ये जाफा गेटपाशी फ्रान्सिस्कनांचं ख्रिस्ती माहिती केंद्र आहे, तिथून बुकिंग होतं, फादरनी आपल्या बिशपांचं पत्र जवळ ठेवायचं. प्रोटेस्टंट ग्रुपने गार्डन टूमला प्रभुभोजनाची वेळ मागून घ्यायची, सीझनमध्ये कित्येक महिने आधी. न सांगता गेलात तर बाग बघता येईल, पण बसायला जागा मिळेलच असं नाही.

टप्पा ५: नावांची तयारी

हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं आणि आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मराठी बायबलमधली नावं आणि गाईडच्या तोंडातली नावं वेगळी. गाईड "केपर्नम" म्हणतो आणि काका आजूबाजूच्या भिंती बघत राहतात, आणि बसमध्ये परत बसल्यावर विचारतात, "कफर्णहूम कधी येणार?" ते होऊन गेलेलं असतं काका!

एका पानावर जोड्या छापा आणि सगळ्यांना द्या. यरीहो म्हणजे जेरिको. यार्देन म्हणजे जॉर्डन, नदीही आणि देशही. पेत्र म्हणजे पीटर, योहान म्हणजे जॉन, याकोब कधी जेकब तर कधी जेम्स (ही सगळ्यात मोठी गडबड). मत्तय मॅथ्यू, एलीया एलायजा, जक्कय झॅकियस, हिज्कीया हेझेकाया, शलमोन सॉलोमन, यशया आयझाया. लाजर लॅझरस.

वाचनं पण आधीच वाटून टाका. दिवसाला एकच मोठं वाचन आणि ते ठरलेल्या माणसाने वाचायचं, बाकी जागी दोन-तीन ओवी पुरे. जागेवर जाऊन "कोण वाचतंय? अध्याय कुठला?" करत बसलं की पाच मिनिटं जातात, तोवर मागचा ग्रुप डोक्यावर येऊन उभा. काही वाचनं बसमध्ये जास्त पोचतात. यरुशलेमहून यरीहोकडे निघाल्यावर लूक १० मधला चांगला शोमरोनी वाचा, रस्ता साधारण हजार मीटर खाली उतरतो, कानात दडे बसतात, बाहेर नुसते उघडेबोडके डोंगर, आणि "खाली यरीहोस जात असता" मधलं "खाली" काय असतं ते एकदम कळतं.

थांबा: ग्रुपमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही असतील तर "खरी कबर कुठली" हा वाद निघणारच, पवित्र कबरेचं चर्च की गार्डन टूम. तो निघायच्या आधीच्या मीटिंगमध्ये होऊन जाऊ द्या. जागेवर नको.

टप्पा ६: बॅग

लांबड यादी देत नाही, चुकणाऱ्या गोष्टीच सांगतो. नवीन बूट नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा, हाफ पँटवाल्याला कफर्णहूमच्या गेटवरून परत पाठवतात. पातळ स्टोल जवळ ठेवला की बऱ्याच ठिकाणी काम भागतं. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. पैसे शेकेल आणि दिनार वेगवेगळ्या पाकिटांत, शिवाय सुटे डॉलर. टिपचे पैसे गाईड-ड्रायव्हरसाठी पहिल्याच दिवशी गोळा करून एका लिफाफ्यात टाका, शेवटच्या दिवशी बसमध्ये टोपी फिरवायची वेळ आणू नका.

घड्याळाचंही बघा. जॉर्डन आता वर्षभर एकाच वेळेवर असतो आणि इस्राएल हिवाळ्यात एक तास मागे जातं, म्हणजे हिवाळ्यात बॉर्डर ओलांडली की तास बदलतो. एकाने नाही बदललं तर उरलेले २९ जण त्याची वाट बघत बसतात.

टप्पा ७: बॉर्डर

अ‍ॅलनबी ब्रिज शुक्रवारी आणि शनिवारी लवकर बंद होतो आणि तणाव असला की अचानकही. सकाळी पहिल्यांदा पोचा. रांगेत ग्रुप लीडर पहिला नको, शेवटचा हवा, कारण अडतो तो मागचा माणूस आणि तेव्हा लीडर पुढे जाऊन कॉफी पीत असतो. पुढे कुणीतरी इंग्रजी बोलणारा ठेवा.

अधिकारी विचारतील: कुठून आलात, ग्रुपला कसे ओळखता, बॅग कुणी भरली, कुणी काही दिलंय का. सरळ, छोटी उत्तरं. मस्करी नाही. एका काकांनी "बॅग बायकोने भरली, तिलाच विचारा" म्हटलं आणि आमचे पन्नास मिनिटं गेले.

इस्राएलमध्ये पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. ती पासपोर्टमध्येच राहू द्या, देशाबाहेर पडेपर्यंत. बायबलमध्ये खूण म्हणून घालू नका, आमच्याकडे एक यशया ५३ मध्ये सापडली, अर्ध्या तासाने.

चेक: बॉर्डर पार झाली की बस हलायच्या आधी मुंडकी मोजा. प्रत्येकाला एक नंबर द्या आणि नंबर ओरडायला लावा, "सगळे आलेत ना?" असं विचारू नका, जो आला नाही तो उत्तर देणार नाही.

टप्पा ८: यार्देनेत बाप्तिस्मा

जागा तीन. गालील समुद्रातून नदी निघते तिथे यार्देनित, सोयीची, कपडे भाड्याने मिळतात, पाणी हिरवट स्वच्छ. यरीहोजवळ कस्र अल याहूद, २०११ ला परत खुलं झालं, आणि नदीच्या समोरच्या काठावर जॉर्डनमधलं अल मगतास, जे २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. या दोन्हींच्या मध्ये नदी इतकी अरुंद की पलीकडच्या ग्रुपचं गाणं ऐकू येतं. पाणी गढूळ, चहासारखं. कस्र अल याहूदच्या आसपास जुने सुरुंगाचे पट्टे होते, म्हणून आखलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, अगदी घाई लागली तरी.

आता क्रम, आणि हा नीट पाळा:

१. पाळकसाहेबांनी निघायच्या आधीच ठरवायचं की ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांना परत पाण्यात घेणार का, आणि घेणार तर त्याला काय म्हणणार. काठावर हा वाद काढला की तास गेला.
२. पांढऱ्या झग्याखाली गडद कपडे घाला. ओलं पांढरं कापड आरपार दिसतं, आणि फोटो काढणारे चाळीस मोबाईल समोर असतात.
३. चष्मा, कानाचं मशीन, घड्याळ, सुटणारे दात, हे सगळं एका माणसाकडे जमा. एका मावशींचा चष्मा यार्देनेत गेला आणि पुढचे पाच दिवस त्यांनी पवित्र भूमी धूसर बघितली.
४. पाण्यात पाळकांसोबत दोन धडधाकट माणसं, पायऱ्यांवर एक. शेवाळ असतं.
५. बाहेर आल्यावर आधी कोरडे कपडे, मग मिठ्या आणि फोटो.
६. ओले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. बसच्या सीटवर ओल्याने बसलात तर ड्रायव्हर पुढचे तीन दिवस तुमच्याशी बोलणार नाही.

त्याच दिवशी मृत समुद्र असेल तर आधी यार्देन, मग मृत समुद्र. तिथे १० ते १५ मिनिटं पुरे, पाठीवरच तरंगायचं, पालथं व्हायचं नाही, तोंड बुडवायचं नाही. आदल्या दिवसापासून दाढी करू नका, का ते करून गेलात तर कळेलच. चांदी काळी पडते, काढून ठेवा.

टप्पा ९: यरुशलेम

हॉटेल जुन्या शहराला चालत जाता येईल असं हवं, थोडं महाग पडलं तरी. कारण पवित्र कबरेचं चर्च पहाटेच उघडतं, आणि सहाच्या आत गेलात तर कबरेसमोर मोजकी माणसं असतात, नऊनंतर त्याच जागी लांबलचक रांग आणि आत जेमतेम काही सेकंद. दुःखाचा मार्गही तसाच. १४ टप्पे आहेत, पहिले ९ गल्लीत आणि शेवटचे ५ चर्चच्या आत. दुकानं उघडायच्या आधी, फटी-फटीतून उजाडत असताना, लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेऊन चालायचं. दिवसा हेच करायला गेलात तर एका बाजूला मसाल्याची पोती, दुसऱ्या बाजूला टीशर्ट आणि मधून हातगाडी, आणि चौथ्या टप्प्यापाशी निम्मा ग्रुप खरेदीला.

मंदिराच्या डोंगरावर बायबल, क्रूस, काहीही धार्मिक सामान न्यायचं नाही आणि तिथे प्रार्थना करायची नाही, ओठ हललेले दिसले तरी हटकतात. बायबलं बसमध्ये ठेवा. पश्चिम भिंतीपाशी पुरुष-बायकांची बाजू वेगळी, पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते.

गायचं असेल तर बेथेस्दाच्या तळ्याशेजारी संत अन्नाचं चर्च. आवाज असा घुमतो की तीन माणसांचा क्वायर वाटतो. पण टाळ्यांचं जलद गाणं घेऊ नका, सगळे शब्द एकमेकांत कालवले जातात. संथ गीत, एक-दोन कडवी, आणि शेवटच्या ओळीनंतर गप्प उभं राहायचं, आवाज विरेपर्यंत.

चेक: गल्लीत शिरण्याआधी चौघा-चौघांचे गट, प्रत्येकाचा एक कॅप्टन. कुणी हरवलं तर हरवलेल्याने जागेवरच उभं राहायचं, शोधायला निघायचं नाही. कानातले रिसीव्हर रात्री चार्ज झालेत का तेही बघा, आवाज तुटायला लागला म्हणजे तुम्ही ग्रुपपासून लांब गेलात.

टप्पा १०: बेथलेहेम

यरुशलेमपासून दहा किलोमीटरच्या आतच, पण चेकपोस्ट आहे, पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका. इस्राएली गाईड बहुतेक वेळा आत येत नाही, तिथला स्थानिक गाईड ग्रुप घेतो. गुहेची रांग तासभर सहज, कधी दोन तास, म्हणून सकाळी पहिलं तेच आणि मेंढपाळांचं कुरण नंतर. सगळे इथे उलटं करतात कारण कुरण रस्त्यात सोपं वाटतं.

जैतुनाच्या लाकडाची खरेदी इथे होणारच. ४५ मिनिटं द्या आणि वेळ संपली की संपली. आधी सांगितलं नाही तर दुकानात दीड तास आणि रांगेत उभं राहायला वेळ नाही.

टप्पा ११: सीनाय (घेतलं असेल तरच)

इजिप्तमधला, मोशेला दहा आज्ञा मिळाल्या असं मानतात तो डोंगर, २,२८५ मीटर. रात्री एक-दोनला निघायचं, बेदुईन वाटाड्या लागतोच. उंट शेवटच्या ७५० पायऱ्यांच्या आधीपर्यंत जातो, पुढे पायच. वर उन्हाळ्यातही गारठा, हिवाळ्यात पाणी गोठतं. खाली आल्यावर सेंट कॅथरीनचा मठ बघायचा, तो सकाळीच थोडे तास उघडा असतो आणि शुक्रवारी-रविवारी बंद. म्हणजे चढाई गुरुवारी रात्री लावली की शुक्रवारी सकाळी बंद दरवाजा. वारांच्या तक्त्यात हे परत एकदा बघा.

टप्पा १२: परतीचा विमानतळ

ग्रुप असेल तर चार तास आधी. परत तेच प्रश्न: बॅग कुणी भरली, कुणी काही दिलं का. शेजारच्यांनी "एवढं पाकीट घेऊन जा" म्हणून दिलेलं काहीही घेऊ नका. मृत समुद्राचा चिखल आणि यार्देनेच्या पाण्याच्या बाटल्या चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून, पिशवीत. हातातल्या बॅगेत ठेवल्यात तर सिक्युरिटीवाला त्या शांतपणे कचऱ्यात टाकतो, आणि मागे उभ्या काकूंच्या डोळ्यात पाणी येतं, कारण नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आणलेलं असतं ते.